प्लॉटआधी कागद : जळगावच्या एका वकिलांच्या सर्च रिपोर्टचा रिव्ह्यू

सात हजार रुपयांत अकरा पानांचा सर्च रिपोर्ट (जमिनीचे जुने कागद तपासून वकील देतात तो अहवाल) घेतला आणि त्या अकरा पानांनी आमचे पावणेसोळा लाख वाचवले, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. हॉटेलचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच टाकतात पण जमिनीचा सर्च करून देणाऱ्या वकिलाबद्दल कोणी लिहित नाही आणि पहिल्यांदा प्लॉट घेणाऱ्याला तर ही सर्विस असते हेच माहीत नसतं, मलाही नव्हतं. वकील काकांचं नाव देत नाहीये कारण त्यांनीच सांगितलं की वकिलांना जाहिरात करायची परवानगी नाही, नाव टाकू नको. आणि ज्यांच्या प्लॉटिंगमध्ये आम्ही अडकणार होतो त्यांचंही नाव देणार नाही, भांडण करायचं नाहीये, दुसरं कोणी अडकू नये एवढंच आहे.

आमची परिस्थिती सांगते. मी जळगावात एका शाळेत शिकवते, मिस्टर भुसावळला रेल्वेत. नऊ लाखांची एफडी होती, थोडं भिशीचं, आणि बाकी माझे दागिने मोडून करायचं असं ठरत होतं. सासूबाईंचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, सोनं रात्री बारा वाजता अडचण आली तरी सकाळी सराफात नेऊन पैसा होतो, प्लॉट कोण घेणार आहे लगेच. तेव्हा मला वाटलं जुन्या विचारांच्या आहेत म्हणून बोलतात. आता वाटतं की गुंतवणुकीतली पहिली गोष्ट त्यांनीच सांगितली होती, की पैसा लागला तर किती दिवसांत हातात येईल ते आधी बघा. आमच्या ओळखीत एकांना मुलीच्या लग्नासाठी प्लॉट विकायचा होता, चांगला एनए म्हणजे बिगरशेती झालेला प्लॉट, तरी मनासारखा भाव देणारा माणूस मिळायला चौदा महिने लागले.

तर रविवारी साइट बघायला गेलो. गाडी घरी आली घ्यायला, गिरणा पुलाच्या पलीकडे हायवेवरून आत दोन-अडीच किलोमीटर. कमान मोठी, दोन्ही बाजूला अशोकाची झाडं नुकतीच लावलेली, मंडपात कचोरी आणि चहा, टेबलावर रंगीत नकाशा, चौसष्ट प्लॉट, त्यातल्या अर्ध्यांवर लाल टिकल्या म्हणजे विकले गेले. रेट अकराशे रुपये फूट, आम्हाला पंधराशे फुटाचा दाखवला, म्हणजे साडेसोळा लाख. एजंट दादा बोलायला फार गोड, विद्यापीठ जवळ, हायवे चौपदरी, पाच वर्षांत डबल, आणि आजच्या आज टोकन दिलं तर फुटामागे पन्नास कमी. पंधराशे फुटाला पन्नास म्हणजे पंचाहत्तर हजार झाले ना, साडेसोळाचे पावणेसोळा, तिथेच आमचं डोकं फिरलं आणि एकवीस हजार टोकन गुगल पे करून आलो. एनए कधी होणार विचारलं तर फाईल आत आहे, दोन महिन्यांत ऑर्डर. लोन होईल का विचारलं तर म्हणाले ताई लोनच्या भानगडीत कशाला पडता, खरेदीखतावर सहा लाख दाखवू बाकी कॅश द्या, तुमचीच स्टॅम्प ड्युटी वाचेल.

इथे एक गोष्ट नवीन लोकांसाठी. प्लॉटवर बँक लोन होत नाही असं समोरचा स्वतःच म्हणाला की तिथेच थांबा. बँक लोन देताना स्वतःच्या पॅनलच्या वकिलाकडून कागद तपासते, आणि ज्याला कागद तपासलेले नको आहेत तो तुम्हाला लोनपासून लांब ठेवतो. तुम्हाला लोन घ्यायचं नसेल तरी एकदा बँकेत फाईल देऊन बघा, नाही म्हणाले तर का नाही ते विचारा.

परत येताना मी गाडी थांबवायला लावली होती कारण लेकीला पाणी हवं होतं, तिथे बांधावर एक बाबा बसले होते. सहज विचारलं की बाबा हे प्लॉट कसे आहेत. ते म्हणाले, "पावसाळामा आठे गुडघाभर पानी ऱ्हास, ताई." म्हणजे पावसाळ्यात इथे गुडघाभर पाणी असतं. मे महिना होता, जमीन भेगाळलेली, पाण्याचा मागमूस नाही. एजंट दादांनी गाडी लगेच पुढे घेतली. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आणि त्याच्यामुळेच मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय काढला, तेव्हा एका मॅडमनी कोर्टाजवळ बसणाऱ्या या वकील काकांचा नंबर दिला.

काकांकडे गेले तर त्यांनी आधी हातातलं ब्रोशर बाजूला ठेवलं आणि गट नंबर, म्हणजे जमिनीचा सरकारी नंबर, विचारला. ब्रोशरवर गट नंबर कुठेच नव्हता! गावाचं नाव पण नाही, नुसतं प्रोजेक्टचं नाव. एजंटला फोन करून मागितला तर दोन दिवस टाळलं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आला. काकांनी सांगितलं की आधी घरीच महाभूलेखवर गट टाकून सातबारा बघ, फुकट दिसतो, मग डिजिटल सही असलेला पंधरा रुपयांत काढ, 8अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) पण काढ, आणि सातबाऱ्यावर जेवढ्या फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, नंबर दिसतात ते सगळे उतारे आण. साठेखत (पुढे विकण्याचा करार) किंवा डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट झालं असेल तर त्याची नक्कल, नकाशा मंजूर असेल तर त्याचा आदेश नंबर. एवढं आणलं की सर्च सुरू, तीस वर्षांचा, दुय्यम निबंधक कार्यालयातून. फी सात हजार, सरकारी फी वेगळी. आठ दिवस सांगितले होते, सतरा दिवस लागले.

रिपोर्ट झाल्यावर त्यांनी नुसता हातात दिला नाही, समोर बसवून एक एक कागद वाचून दाखवला आणि याच गोष्टीसाठी मी त्यांना सगळ्यात जास्त मार्क देते. टेबलावर सातबारा पसरला, वरचा भाग म्हणजे नमुना 7, त्यात मालकांची नावं आणि क्षेत्र, खालचा नमुना 12, त्यात पिकं. पिकाच्या रकान्यात कापूस. म्हणजे ज्या जमिनीवर मी रंगीत चौसष्ट प्लॉट बघून आले ती सरकारी कागदावर अजून कापसाचं शेत होती. मग पेनाने इतर हक्क या रकान्यावर गोल केला, तिथे सोसायटीचा बोजा. काका म्हणाले बोजा काही मोठी गोष्ट नाही, कर्ज फेडून कमी करता येतो, खरी गोष्ट पुढे आहे.

पुढे वारस नोंदीचा फेरफार. मूळ मालक वारले तेव्हा वारस लागले पत्नी, दोन मुलं आणि तीन मुली. पण आताच्या सातबाऱ्यावर नावं तिघांचीच, आई आणि दोन मुलं. मुलींची नावं नंतरच्या एका फेरफाराने कमी केलेली. कशाच्या आधारावर? काकांनी फेरफार माझ्याकडे वळवला आणि मलाच वाचायला लावलं, मजकूर तीनच ओळींचा होता, बहिणींनी अर्ज दिला की आमचा हक्क नको. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा दस्त नंबर कुठेही नाही. साधा अर्ज. त्यात एक बहीण सुरतला दिलेली, तिची सही अर्जावर आहे पण ती स्वतः आली होती का हे कोणाला माहीत. काका म्हणाले 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने हक्कदार आहे, आणि हक्क सोडायचा तर रजिस्टर दस्ताने सोडावा लागतो, तलाठ्याकडे अर्ज देऊन हक्क जात नाही. उद्या त्या तिघींपैकी एकीने किंवा तिच्या मुलांनी वाटणीचा दावा लावला तर चौसष्टच्या चौसष्ट प्लॉटवाले कोर्टात. आपल्याकडे हे किती घरांत झालंय विचार करा, भाऊबीजेला साडी दिली आणि अर्जावर सही घेतली. मला त्या बहिणींचंही वाईट वाटलं, त्यांना कदाचित माहीतही नसेल की त्यांच्या बापाच्या शेतावर कमान उभी राहिलीये.

हे आताच्या सातबाऱ्यावर दिसत नव्हतं, हे लक्षात घ्या. नुसता सातबारा बघून "कागद क्लिअर आहे" म्हणणारे खूप भेटतात. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, नोंदीने मालकी तयार होत नाही हे कोर्टांनी किती वेळा सांगितलंय. जुने फेरफार मागे मागे वाचत गेलं तरच गोष्ट कळते.

मग नकाशा. आमच्या प्लॉटिंगला जाणारा तो अशोकाच्या झाडांचा रस्ता गट नकाशावर नव्हताच, तो शेजारच्या गटातून काढलेला, आणि त्या गटवाल्याशी काही नोंदणीकृत करार नाही. त्याने उद्या बांध घातला तर आत जायला वाट नाही. आणि नाला, तो मात्र नकाशावर स्पष्ट होता, आमच्या प्लॉटच्या कोपऱ्याला लागून. ते बाबा खरंच बोलले होते. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी मुरलं की ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिथे बांधकाम करायचं तर पाया खोल घ्यावा लागतो, तो खर्च कोणी ब्रोशरमध्ये लिहित नाही.

रेरा, म्हणजे बिल्डर आणि प्लॉटिंगवाल्यांसाठीचा कायदा, तोही काकांनीच समजावला. जागा 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉटही आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती नसताना जाहिरात पण करता येत नाही आणि बुकिंग पण घेता येत नाही. हे प्लॉटिंगलाही लागू आहे, फक्त बिल्डिंगला नाही, आमचा हाच गैरसमज होता. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो, मोबाईलने स्कॅन केला की प्रोजेक्टची माहिती उघडते. एजंटचीही नोंदणी लागते, त्याचा नंबर मागायला लाजू नका. नोंदणी असेल तरी रजिस्टर करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणजे आमच्या हिशोबाने एक लाख सत्तावन्न हजार पाचशे, आणि आमच्याकडे मागत होते पाच लाख, नोटरीच्या पावतीवर.

नोटरीबद्दल काका जरा चिडूनच बोलले. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून लोक गुंठा-दीड गुंठा शेतजमीन घेतात आणि समजतात झालं. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय होतच नाही. कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नी) प्लॉट घेणं तेही तसंच, 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. आणि शेतजमीन असेल तर आपल्या राज्यात ती घेणारा शेतकरी लागतो, माझ्या माहेरी शेती आहे पण माझं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणजे मला तर आणखीनच अडचण. शिवाय तुकडेबंदी. 2023 पासून जिरायतीला वीस गुंठे, बागायतीला दहा गुंठे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याच्या खालचा तुकडा शेतजमीन म्हणून सरळ घेता येत नाही. निवासी भागातले जुने तुकडे नियमित करायची वाट सरकारने आता मोकळी केलीये पण ती जुन्या व्यवहारांसाठी. एजंट लोक त्याच्यावर बोट ठेवून आज नवीन कापसाचं शेत गुंठ्याने विकतात, ते ऐकू नका.

कॅशचं पण सांगते कारण सगळीकडे हेच चालतं. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही, घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो. पण मला पटलं ते दुसरंच कारण. खरेदीखतावर सहा लाख लिहिले तर भांडण झाल्यावर सहा लाखच दिले होते एवढंच सिद्ध होणार, वरचे पावणेदहा लाख गेले. आणि पुढे विकताना फायदा सहा लाखांपासून मोजला जाणार, त्याच्यावर टॅक्स मी भरायचा. म्हणजे आज जी स्टॅम्प ड्युटी वाचतेय असं वाटतं तिच्या कितीतरी पट नंतर जातं.

आता सर्विसमध्ये जे कमी वाटलं ते. फोन उचलत नाहीत, कोर्टाच्या वेळेत तर नाहीच, संध्याकाळी सातनंतर जाऊन बसावं लागतं, तिथे खुर्च्या चार आणि माणसं दहा. सतरा दिवस लागले त्यात एजंट रोज फोन करून प्रेशर द्यायचा की दुसरी पार्टी तयार आहे, ते दिवस फार वाईट गेले. रिपोर्टची भाषा अवघड, समोर बसवून सांगितलं नसतं तर मला अर्धं कळलं नसतं, शेवटी एक पान सोप्या मराठीत दिलं तर किती बरं होईल. आणि सर्चमध्ये काय येत नाही हे त्यांनी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, मी विचारल्यावर सांगितलं. सर्चमध्ये मोजणी येत नाही, जागेवर प्लॉट खरंच तेवढा आहे का, खुणा कुठे आहेत, ते भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लावून बघावं लागतं. झोन दाखला वेगळा काढायचा, जागा निवासी झोनमध्ये आहे की ग्रीन म्हणजे शेतीच्या झोनमध्ये ते त्याच्यावरून कळतं. कोर्टात दावा चालू आहे का ते वेगळं बघायला सांगायचं, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची असेल तर तिचा खर्च वेगळा. हे सगळं धरून पंधरा-वीस हजार बाजूला ठेवा.

हे घरात सांगितल्यावर नातेवाइकांमधून पण एक एक गोष्ट बाहेर यायला लागली. मावसभाऊ शिरपूरचा, तिकडे इंदूर-मनमाड रेल्वेला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, 309 किलोमीटरचा मार्ग, तेव्हापासून रेल्वे येतेय रेल्वे येतेय म्हणून शेतं दाखवत फिरणारे वाढलेत. तो पण घ्यायला निघाला होता. मिस्टर रेल्वेतले असल्यामुळे त्यांनी सरळ विचारलं की भाऊ, रूळ जवळून जातोय की स्टेशन जवळ होतंय. रूळ नुसता शेजारून गेला तर आवाज आणि फाटक एवढंच पदरात पडतं, भाव चढतो तो स्टेशनजवळ. आणि भूसंपादनाच्या अधिसूचनेत गट नंबर छापून येतात, आपला गट त्यात आहे का ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नये. त्याने बघितलं नव्हतं, आता बघतोय.

शाळेतल्या एक मॅडम शहाद्याच्या, त्यांच्या भावाने स्वस्त मिळाली म्हणून जमीन बघितली होती, बाजारभावाच्या निम्म्याने. आदिवासी खातेदाराची जमीन होती. महसूल संहितेच्या 36 आणि 36अ कलमांप्रमाणे अशी जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नाहीतर व्यवहार रद्द होऊन जमीन परत जाते, आणि जायलाच हवी. नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, या सगळ्या पट्ट्यात घेणाऱ्यांनी हे आधी बघा. तसंच सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 लिहिलेलं असेल तर तीही परवानगीशिवाय विकता येत नाही. निम्मा भाव ऐकला की आनंद होतो पण निम्मा का आहे ते विचारायचं.

टोकनचं काय झालं ते सांगते. काकांचा रिपोर्ट मिळाल्यावर मी एजंट दादांना फक्त तीन गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागितल्या, महारेरा नंबर, एनए आदेशाची प्रत आणि तिन्ही बहिणींची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं. दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. मग फोन आला की ताई तुम्ही फार खोलात जाता, टोकन रिफंडेबल नाही. काकांनी साध्या भाषेत एक पत्र लिहून दिलं, त्याचे पाचशे रुपये घेतले, ते पोस्टाने पाठवलं. सव्वा महिन्याने एकवीसपैकी एकवीस हजार परत आले. मला वाटतं गुगल पे केलं होतं म्हणून आले, तेच रोख दिले असते तर पुरावा काय दाखवला असता.

आता मोहाडी रोडकडे एक लहान प्लॉट बघितलाय, बाराशे फूट, एनए आहे, नकाशा मंजूर आहे, रेट जास्त आहे आणि कमान वगैरे काही नाही. रिसेल आहे, दुसऱ्या मालकाकडून. जुलैमध्ये दोन दिवस पाऊस लागला तेव्हा मी आणि मिस्टर मुद्दाम रेनकोट घालून तिथे जाऊन आलो, शेजारच्या घरातल्या काकूंशी बोललो, पाणी कुठे साचतं, नळ किती दिवसांनी येतो, लाईट जाते का, सगळं विचारलं, त्यांनी चहा पण दिला. यावेळी टोकन दिलेलं नाही. माझे दागिने यात घालायचे नाहीत असंही ठरलंय, जेवढी एफडी आणि बँक देईल तेवढंच.

कागद पुन्हा त्याच काकांकडे दिलेत. वाट बघायला लागते, खुर्ची मिळत नाही, तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार. काल रात्री त्यांचा फोन आला की 1998 चा एक फेरफार ऑनलाइन दिसत नाहीये, गावात जाऊन जुनी नक्कल घेऊन ये. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण आमच्याकडे अजून तलाठी आप्पाच, ते मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात. शुक्रवारी हाफ डे टाकलाय.